तंबाखूची अळी, मक्याची अळी आणि त्यांचा मायटोकॉन्ड्रिया

निपाणीला आमच्याकडे तंबाखू, अथणीला आत्याकडे मका. दोन्हीकडची अळी स्पोडोप्टेरा या पतंगांच्या गटातलीच, जाती वेगळ्या. तंबाखूवरची लिट्युरा जुनी, मक्यावरची फ्रुजिपर्डा भारतात पहिल्यांदा सापडली ती २०१८ साली, कर्नाटकातच. डोक्यावर उलटा वाय आणि शेपटाकडे चौकोनात चार काळे ठिपके दिसले की फ्रुजिपर्डा. नुकत्याच फुटलेल्या अळीत मात्र हे दिसत नाही, मग डीएनए बघायचा, तोही मायटोकॉन्ड्रियाचा, म्हणजे पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या भागाचा, आणि दोन्ही अळ्यांचा शेजारी ठेवून जुळवायचा.

अळी शेतातच ९५ टक्क्यांच्या वरच्या अल्कोहोलमध्ये टाका. मी पहिल्या वर्षी फॉर्मालिनची बरणी नेली होती. तात्या म्हणाले, "लोणचं घातलंस काय गं अळ्यांचं?" खरंच, त्यातून धड डीएनए निघालाच नाही. डीएनए काढताना डोकं आणि पाय घ्या, आतडं टाळा, नाहीतर खाल्लेला मकाही सोबत येतो.

सिक्वेन्स, म्हणजे डीएनएच्या अक्षरांची ओळ, हातात आला की मिटोस या ऑनलाइन साधनावर जनुकं ओळखून घ्या. १५ हजारांवर अक्षरांत ३७ जनुकं बसलेली असतात: १३ प्रथिनांची, २२ टीआरएनएची, २ आरआरएनएची (हे दोन्ही प्रथिनं बनवायला मदत करणारे आरएनए). आता नीट ऐका. हा जीनोम, म्हणजे मायटोकॉन्ड्रियाचा सगळा डीएनए, गोल असतो, त्यामुळे फाईल कुठूनही सुरू होते. माझी एक फाईल मेथिओनिनच्या टीआरएनएपासून होती, दुसरी कॉक्स१ या प्रथिनाच्या जनुकापासून. तशीच माफ्टमध्ये, म्हणजे सिक्वेन्स जुळवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, घातली, तर हजारो अक्षरांची भोकं. दोन दिवस मी नवी जात सापडल्याच्या आनंदात! आधी दोन्ही एकाच जनुकापासून फिरवून घ्या, उलटा धागा असेल तर सुलटा करा, मगच जुळवा.

प्रथिनांची जनुकं एकेक करून, डीएनएच्या अक्षरांचं प्रथिनात भाषांतर करून जुळवलेली बरी. भाषांतराला अपृष्ठवंशीय मायटोकॉन्ड्रियाचा कोड, म्हणजे ५ नंबरचा तक्ता निवडा. नेहमीच्या तक्त्यात टीजीए ही तीन अक्षरं म्हणजे 'थांबा', प्रथिन संपलं; इथे ती म्हणजे ट्रिप्टोफॅन, प्रथिनाचा एक घटक. ५ नंबर लावूनही मध्येच थांबा आला, तर वाचनात चूक आहे किंवा पेशीच्या केंद्रकात जाऊन बसलेली त्या जनुकाची जुनी नक्कल हाती लागलीय. कॉक्स१ सीजीएपासून सुरू होताना दिसेल, पतंगांत ते नेहमीचंच. ए आणि टी या अक्षरांनी भरलेला नियंत्रक भाग मी सरळ वगळते, तो नीट जुळतच नाही.

आणि हे सगळं फक्त आईकडचं, बापाचा वाटा यात दिसत नाही. फ्रुजिपर्डाचे 'भात' आणि 'मका' असे दोन प्रकार मानतात. भारतातल्या कित्येक फ्रुजिपर्डा मायटोकॉन्ड्रियावरून 'भात' प्रकारच्या निघाल्यात, आणि आत्याचा मका खातायत.