पावसाळ्याआधी रसायनं सुकवताना

आमच्याकडे चिपळूणला जून लागला की मिठाच्या बरणीलाही पाणी सुटतं. तिथे हवेतली ओल ओढणाऱ्या कॅल्शियम क्लोराइडची काय कथा! एका जुलैत वाटीभर रात्री उघडं राहिलं. सकाळी वाटीत नुसतं पाणी. तेव्हापासून सुकवायचं सगळं काम मी मे महिन्यातच उरकते.

सुरुवात एप्सम सॉल्टपासून (मॅग्नेशियम सल्फेट) करा. 100 ग्रॅम घेऊन जुन्या कढईत मंद आचेवर ठेवा; ही कढई पुन्हा स्वयंपाकाला घ्यायची नाही. आधी ते स्वतःच्याच स्फटिकजलात, म्हणजे स्फटिकात बांधलेल्या पाण्यात, पातळ होतं, मग खदखदून उडतं. म्हणून डोळ्यांवर चष्मा हवाच. पाणी आटलं की बुडाला पांढरी पापडी धरते. ती उलथन्यानं खरवडा, खलात कुटा आणि पुन्हा कढईत घाला, आता आच मोठी. मधूनमधून वजन करा. काटा 56 ग्रॅमवर थांबला तर काम झालं असं समजू नका: स्फटिकातल्या पाण्याच्या दर सात रेणूंपैकी सहाच गेलेत, सातवा फार चिवट असतो. 49च्या आसपास आलं की ते निर्जल, म्हणजे सगळं पाणी गेलेलं. दोन्ही पूड दिसायला सारखीच पांढरी, त्यामुळे खरं काय ते काटाच सांगतो.

गरम पूड उघड्यावर निववू नका, निवतानाच ती ओल ओढते. रबरी रिंगचं झाकण असलेल्या काचेच्या बरणीत तळाला सिलिका जेल (ओल शोषणारे दाणे) पसरा, वर जाळी आणि जाळीवर पुडीची वाटी. वाफ जरा बसू द्या, मग झाकण लावा. जेल नारिंगी-हिरवं घ्या. निळ्यात कोबाल्ट क्लोराइड असतं, ते मुलांच्या हाताशी नको. नारिंगीचं हिरवं झालं की ओव्हनमध्ये 120 अंशांवर दोन-तीन तास ठेवलं की पुन्हा कामाला येतं.

कॉस्टिक सोडा मात्र कढईत घालायचा नाही. तो हवेतला कार्बन डायऑक्साइडही धरतो आणि झालेला कार्बोनेट तापवून जात नाही. हातमोजे घालून, लागेल तेवढाच काढून प्लास्टिकची बाटली लगेच बंद करा. काचेचं बूच नको, ते चिकटून बसतं. धुण्याच्या सोड्याचे खडे सिलिका जेलच्या बरणीत कधीच ठेवू नका. कोरड्या हवेत त्यांचंच पाणी जातं आणि पीठ होतं.

प्रत्येक बाटलीवर तारीख आणि झाकणासकट वजन लिहा. गणपतीच्या आधी मी सगळ्या पुन्हा काट्यावर ठेवते. एखादीचं वजन दोन ग्रॅमनं वाढलेलं दिसलं, तर झाकणाची रिंग बदलते आणि आतलं एप्सम सॉल्ट पुन्हा कढईत.