गरोदरपणात नोकरी गेली? या चुका टाळा

पाचवा महिना सुरू असतो आणि केबिनमधून बोलावणं येतं. टेबलावर टाइप केलेला कागद तयार असतो: ‘वैयक्तिक कारणास्तव मी स्वेच्छेने राजीनामा देत आहे.’ ‘सही करून टाका मॅडम, अनुभवपत्राला अडचण नको,’ असं समजुतीच्या सुरात सांगितलं जातं. घरी जायची घाई, पोटातलं बाळ, नको ती कटकट, म्हणून ती सही करते.

सगळ्यात महागात पडते ती हीच सही. गरोदरपणात कामावरून काढलं, तरी एरवी मिळाला असता तो प्रसूती लाभ (बाळंतपणाच्या रजेतला पगार) बुडत नाही, असं 1961 चा प्रसूती लाभ कायदा सांगत होता. आता त्याची जागा घेणाऱ्या 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तेच आहे. अपवाद फक्त गंभीर गैरवर्तनाचा. पण हे संरक्षण काढून टाकलेल्या बाईला आहे. कागदावर ‘स्वेच्छेने’ आलं की दबाव होता हे तुम्हालाच सिद्ध करत बसावं लागतं. म्हणून तिथल्या तिथे सही करू नका, कागद वाचायला घरी मागा. त्याच संध्याकाळी ईमेल करा: आज मला राजीनामा द्यायला सांगितलं, माझी काम करायची इच्छा आहे, मी गरोदर आहे. तीन ओळी पुरतात. सही आधीच झाली असेल, तर ती कशी घेतली गेली हे आजच लेखी कळवा.

दुसरी चूक म्हणजे ‘नोकरीच नाही, तर पगारी रजा कसली’ असं धरून चालणं. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेत प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या 12 महिन्यांत 80 दिवस काम झालेलं असावं, एवढीच अट आहे. दवाखान्यातून मिळालेलं माता बाल संरक्षण कार्ड काढा. त्यावर अपेक्षित तारीख 10 ऑक्टोबर असेल, तर मागच्या 10 ऑक्टोबरपासून दिवस मोजा. एप्रिलमध्ये काढून टाकलेल्या बाईचेही 80 दिवस आरामात भरतात! पगारी सुट्ट्याही त्यात धरतात. लाभ 26 आठवड्यांचा, आधीची दोन मुलं हयात असतील तर 12 आठवड्यांचा. कंत्राट संपलं म्हणून हा लाभ थांबत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये एका कंत्राटी डॉक्टरच्या प्रकरणात स्पष्ट केलं आहे.

मुदतीकडे मात्र डोळेझाक नको. काढल्याचं कळवल्यापासून 60 दिवसांत अपील करायचं असतं. ‘बघू, साहेबांशी बोलतो’ म्हणत हे दिवस कसे सरतात ते कळतही नाही.

पगाराच्या स्लिपवर ईएसआयची (कर्मचारी राज्य विमा योजनेची) कपात दिसते का, तेही बघा. कपात असेल तर प्रसूतीचे पैसे मालकाकडून नाही, ईएसआयकडून मागायचे. तिथे आधीच्या दोन अंशदान कालावधींत (प्रत्येकी सहा महिन्यांच्या) 70 दिवसांचं अंशदान, म्हणजे विम्याचा हप्ता, भरलेला लागतो. एप्रिल ते सप्टेंबरच्या अंशदानावर पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये लाभ मिळतो, त्यामुळे नोकरी सुटल्यावरही हक्क शिल्लक असू शकतो.

आणि कधी नोकरी केलीच नसेल तर? अंगणवाडीत नाव नोंदवायला उशीर करू नका. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पात्र महिलेला पहिल्या बाळासाठी 5,000 रुपये मिळतात, दुसरी मुलगी झाली तर 6,000. पैसे आधार जोडलेल्या खात्यातच येतात. अर्ज अडकतो तो बहुतेक वेळा इथेच: खातं नवऱ्याचं दिलेलं असतं, किंवा आधारवर माहेरचं नाव आणि पासबुकावर सासरचं. हे आधी जुळवून घ्या. सरकारी रुग्णालयात बाळंतपण, सिझेरियन, औषधं, तपासण्या, रक्त आणि घरी सोडणारी गाडी जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहे. कुणी पैसे मागितले तर पावती मागा.

वकिलाची फी परवडणार नाही म्हणून गप्प बसू नका, ही माझी कळकळीची विनंती. 1987 च्या विधी सेवा कायद्यानुसार उत्पन्न कितीही असो, प्रत्येक महिलेला मोफत वकील मिळतो. 15100 वर फोन करा, किंवा तालुक्याच्या न्यायालयातल्या विधी सेवा समितीकडे जा. जाताना नेमणूकपत्र, शेवटच्या वर्षाच्या पगाराच्या स्लिपा, तो ईमेल आणि कार्डाची झेरॉक्स सोबत ठेवा.