राखणीला रॉटवायलर आणण्याआधी

खानापूर-बेळगावकडे शेतातल्या घराला राखण म्हणून रॉटवायलर घेणार असाल, तर हा साखळीला बांधून ठेवायचा कुत्रा नव्हे, हे आधी पक्कं करा. दिवसभर बांधलेला रॉटवायलर चिडका होतो, मग घरच्या पोरांनाही धोका. नर 50 ते 60 किलोंचा भरतो. मायेनं अंगावर रेलला तरी चार वर्षांचं मूल आडवं पडतं. दोघांना एकटं सोडू नका. तो जेवताना मुलाला जवळ फिरकूच देऊ नका.

पिल्लू 14 आठवड्यांचं होईस्तोवर त्याला पाहुणे, गडीमाणसं, दूधवाला, ट्रॅक्टर सगळं दाखवा. लसी पूर्ण नसतील तर कडेवर घेऊन.

मोठी चूक होते ती कॅल्शियमची. हाडं भरावीत म्हणून टॉनिक पाजतात, पण मोठ्या जातीच्या पिल्लांत जादा कॅल्शियमनं उलट हाडं-सांधे बिघडतात. मोठ्या जातीच्या पिल्लांचं तयार खाद्य देत असाल तर वरून काही नको.

मोठ्या कुत्र्याचं जेवण दोन वेळांत विभागा, खाल्ल्यावर तासभर पळवू नका. पोट ढोलासारखं ताठ झालं, उमाळे येताहेत पण ओकारी पडत नाही, असं दिसलं तर पोटाला पीळ पडलेला असू शकतो. सकाळची वाट न बघता तडक जनावरांच्या डॉक्टरांकडे न्या.