सरपंच झालात? मग आधी घरपट्टीची मागणी आणि वसुली वेगळी मांडा

पहिल्या डिसेंबरात आमच्या क्लार्कने अंदाजपत्रक पुढ्यात ठेवलं आणि पानं उलटत म्हणाला, "वहिनी, इथं, इथं आणि इथं." मी तिन्ही ठिकाणी सह्या केल्या. त्यात गावाच्या वेशीवर स्वागत कमान होती, दोन लाखांची. पुढच्या एप्रिलमध्ये पाण्याची मोटार जळाली तेव्हा रिवाइंडिंगला खात्यात पैसे नव्हते. कागदावर कमान उभी होती आणि बायका विहिरीवर घागरी घेऊन उभ्या होत्या. त्यानंतरची चार अंदाजपत्रकं मी स्वतः वहीत मांडून मगच सही केली. नव्याने निवडून आलेल्यांसाठी ती रीत इथे लिहिते. आमचं गाव ऊसपट्ट्यातलं, साडेतीन हजार वस्तीचं. तुमचे आकडे वेगळे असतील, पण गणित हेच.

ग्रामपंचायतीच्या हिशेबाच्या ठरलेल्या फॉर्मना नमुने म्हणतात. अंदाजपत्रक म्हणजे नमुना 1. तो हातात आला की लगेच खर्चाच्या पानावर जाऊ नका, सगळे तिथेच जातात. आधी नमुना 9 मागा, ती कराची मागणी नोंदवही. त्यात चालू मागणी, म्हणजे या वर्षी येणं असलेला कर, वेगळी असते आणि मागील थकबाकी वेगळी. आमची चालू मागणी 6,20,000 आणि थकबाकी 4,80,000 होती. क्लार्कने दोन्हींची बेरीज करून 11 लाख 'अपेक्षित जमा' दाखवली होती. मी मागच्या तीन वर्षांची रोकडवही काढायला लावली. प्रत्यक्ष आलेले पैसे होते 4,10,000, 4,30,000 आणि 3,90,000. म्हणजे सरासरी 4,10,000. तोच आकडा धरायचा. भाऊसाहेब, म्हणजे आमचे ग्रामसेवक, म्हणाले, "मॅडम, एवढं कमी दाखवलं तर वर विचारतील." विचारू द्या. थकबाकीत मयत माणसं असतात, पडकी घरं असतात, मुंबईला जाऊन वीस वर्षं झालेली कुटुंबं असतात. तो पैसा कागदावरच राहतो.

आता 4,10,000 मधून वजाबाकी. स्वनिधीतले, म्हणजे ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले, 15 टक्के मागासवर्गीयांसाठी, 10 टक्के महिला व बालकल्याणासाठी, 5 टक्के दिव्यांगांसाठी. मिळून 1,23,000. यावर वाद घालू नका, ते खर्चावेच लागतात, आणि नाही खर्चले तर ऑडिटमध्ये आक्षेप येतो. जिल्हा ग्रामविकास निधीची पाव टक्का वर्गणी, 1,025. दिवाबत्तीचं आणि पाण्याच्या मोटारीचं वीजबिल आमचं महिना सरासरी 14,000, वर्षाचे 1,68,000. शिपाई आणि पाणी सोडणारा, दोघांच्या पगारातला ग्रामपंचायतीचा हिस्सा 96,000. उरले 21,975. यात पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर, झेरॉक्स, गटारीची एखादी फरशी आणि ती मोटार. कमान कुठे बसते ते तुम्हीच शोधा.

"वित्त आयोगाचे येतात की," असं कोणीतरी म्हणेलच. येतात. पण पंधराव्या वित्त आयोगाच्या (2021 ते 2026) निधीत 60 टक्के पाणी आणि स्वच्छतेला बांधलेले होते, उरलेले 40 टक्के अबंधित, म्हणजे गावाच्या गरजेप्रमाणे वापरायचे, आणि त्या अबंधितमधूनही पगार देता येत नव्हते. म्हणून घरपट्टी लागतेच. रोजचं गाव तिच्यावरच चालतं.

ती वाढवायची कशी, यासाठी नमुना 8 बघा. (तलाठ्याकडचा आठ अ तो वेगळा, तो शेतीच्या खात्याचा. या दोघांत निम्मं गाव गोंधळतं.) नमुना 8 ही आकारणीची यादी, आणि 2015 च्या डिसेंबरात नियम बदलल्यापासून आकारणी भांडवली मूल्यावर होते. क्षेत्रफळ गुणिले जमिनीचा वार्षिक दर, अधिक क्षेत्रफळ गुणिले बांधकामाचा दर गुणिले घसारा, आणि या सगळ्याला वापराचा भारांक. दुकानाचा भारांक राहत्या घरापेक्षा जास्त. आलेल्या मूल्यावर दर हजारी काही पैसे कर. आकारणी दर चार वर्षांनी नव्याने करायची असते, पण प्रत्यक्षात जुनी यादीच पुढे ओढली जाते.

मी यादी वाचायला बसले आणि पहिला धक्का आमच्याच घराचा. 2009 ला आम्ही स्लॅब टाकला, आणि नोंद अजून 'कौलारू, माती'. सरपंचबाईच कमी घरपट्टी भरत होत्या! सासऱ्यांना सांगितलं तर म्हणाले, "आपणहून कशाला सांगायचं?" दोन दिवस घरात अबोला होता. पण ती नोंद आधी दुरुस्त केली म्हणून मोजणीचा टेप घेऊन गल्लीत शिरता आलं. तुम्हीही सुरुवात घरापासून करा, मग सदस्यांची घरं. बिल मिळाल्यापासून तीन महिन्यांत कर भरला नाही तर महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 14 खाली सदस्यपद जाऊ शकतं, हे मासिक सभेत नुसतं वाचून दाखवा. आमच्या चार सदस्यांनी त्याच आठवड्यात पावत्या फाडल्या.

30 सप्टेंबरपर्यंत भरलं तर 5 टक्के सूट असते. अडचण अशी की तेव्हा गावात पैसा नसतो. सोयाबीन शेतातच असतं, उसाचा पहिला हप्ता लांब. म्हणून सवलतीची दवंडी मी नोकरदारांसाठी आणि बचत गटांसाठी दिली, आणि खरी वसुली फेरी कारखान्याची बिलं जमा झाली त्या आठवड्यात ठेवली. शिपाई एकटा गेला की लोक "उद्या या" म्हणतात. सदस्य सोबत असला की चहा होतो आणि पावतीही. पैसे घेतले की नमुना 10 ची पावती तिथल्या तिथे द्यायची, "ऑफिसात येऊन न्या" म्हणायचं नाही. ऐपत असून टाळणाऱ्यांना त्याच अधिनियमाच्या कलम 129 ची वसुलीची नोटीस काढा, मग लोकअदालत. दाखले अडवून वसुली करणारी गावं आहेत. मला ते पटत नाही. पोराच्या जन्मदाखल्याचा आणि आजोबांच्या थकबाकीचा काय संबंध?

एक भांडण मात्र अंगावर येईल. दोन भाऊ येतील आणि दोघेही "घरपट्टी माझ्या नावावर करा" म्हणतील. घरपट्टीच्या नोंदीने मालकी सिद्ध होत नाही, हे दोघांना एकाच वेळी, समोरासमोर सांगा. वेगवेगळं सांगितलंत तर प्रत्येकजण आपल्या सोयीचं ऐकून घरी जातो.

आणि डिसेंबरच्या सभेला कोरी वही न्या. तीन वर्षांची वसुली पहिल्या पानावर लिहा, आणि कोणी कमान मागितली तर वही त्यांच्याकडे सरकवून विचारा, यातली कोणती ओळ खोडू?