जर्मनीत येताय? फोटोंचा गठ्ठा आणू नका, चेहरा मोजून या

सप्टेंबर संपत आला की आमच्या शहरात नवी मराठी मुलं दिसू लागतात. कुणी शिकायला, कुणी नोकरीला, कुणी लग्न होऊन. त्यातलं कुणी ना कुणी बॅगेतून एक पाकीट काढतं आणि सांगतं, "ताई, बत्तीस फोटो काढून आणलेत, आता कुठेही लागले तरी चिंता नाही." पाकीट बघितलं की मला वाईट वाटतं. त्यातला एकही फोटो निवास परवान्याच्या कार्डाला चालणार नाही, आणि हे त्यांना निघण्याआधी कुणी सांगितलेलं नसतं.

म्हणून आधी हे डोक्यात पक्कं करा: तुम्हाला दोन वेगळे फोटो लागणार आहेत. पहिला भारतात, दीर्घ मुदतीच्या म्हणजे डी व्हिसासाठी, कागदावर छापलेला. दुसरा इथे, आउसलेंडरबेहोर्डेत म्हणजे परदेशी नागरिकांच्या कचेरीत, निवास परवान्याच्या प्लॅस्टिक कार्डासाठी. हा दुसरा फोटो १ मे २०२५ पासून फक्त डिजिटल चालतो, आणि तोही तुमच्या मोबाइलमधला किंवा पेनड्राइव्हवरचा नव्हे. त्याबद्दल पुढे सांगते. ग्रुपवर फिरणारे २०१९ किंवा २०२२ चे सल्ले या एका बाबतीत सरळ बाजूला ठेवा. आपली माणसं मदतीला तत्पर असतात, पण स्वतःचं काम ज्या वर्षी झालं त्याच वर्षाचा नियम सगळ्यांना सांगत राहतात.

आता पहिला फोटो. मी सगळ्यात जास्त इथेच अडकले होते, त्यामुळे यावर सविस्तर लिहिते.

आकार ३५ × ४५ मिलिमीटर. हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि सगळे इथेच थांबतात. खरा नियम कागदाच्या मापाचा नाही, चेहऱ्याच्या मापाचा आहे. हनुवटीच्या खालच्या कडेपासून डोक्याच्या माथ्यापर्यंत चेहरा ३२ ते ३६ मिलिमीटर भरला पाहिजे, म्हणजे फोटोच्या उंचीच्या ७० ते ८० टक्के. माथा म्हणजे कवटीचा माथा, फुगवलेले केस किंवा वर बांधलेला अंबाडा नव्हे. आपल्याकडचे स्टुडिओ 'पासपोर्ट साइज' म्हटलं की खांदे आणि अर्धी छाती घेऊन छान फोटो काढतात. कागद बरोबर ३५ × ४५ चा असतो, चेहरा मात्र २६-२७ मिलिमीटरचा. घरच्या घरी शाळेची फूटपट्टी घेऊन फोटोवर ठेवा. हनुवटीला शून्य, माथ्याला आकडा वाचा. ३२ च्या खाली असेल तर तो फोटो बाद समजा, कितीही सुंदर आला असला तरी.

मी २०१३ साली आले तेव्हा कार्डालाही कागदी फोटोच द्यावा लागायचा. टेरमिन, म्हणजे ठरलेली भेटीची वेळ, कशीबशी मिळाली होती. माझी फाइल नीट लावलेली होती: नोकरीचा करार, घराचा करार, विमा, पत्त्याची नोंदणी. समोरच्या बाईंनी सगळं तपासलं आणि शेवटी फोटो हातात घेतला. टेबलाच्या खणातून त्यांनी एक पारदर्शक पट्टी काढली. तिच्यावर दोन आडव्या रेषा होत्या आणि मध्ये अंडाकृती चेहऱ्याची खूण. पट्टी त्यांनी माझ्या फोटोवर ठेवली, हनुवटी खालच्या रेषेला लावली. माझा माथा वरच्या रेषेच्या बराच खाली राहिला. त्यांनी पट्टी माझ्याकडे वळवून दाखवली, एक शब्द न बोलता, आणि मान हलवली. मी स्टेशनवरच्या फोटोच्या मशीनकडे धावत गेले. परत आले तोवर माझी वेळ उलटून गेली होती. पुढची टेरमिन सात आठवड्यांनी मिळाली. दरम्यान व्हिसाची मुदत संपली, हातात कार्ड नाही, आणि भावाच्या लग्नाचं काढलेलं तिकीट तसंच वाया गेलं. त्याच्या लग्नात मी नाही. अल्बम बघताना आजही ते लागतं. पाच मिलिमीटरमुळे हे झालं, म्हणून फूटपट्टीचं मी पुन्हा पुन्हा सांगते आणि सांगत राहणार.

स्टुडिओत गेलात की 'पासपोर्ट साइज' हा शब्दच काढू नका. 'जर्मनीचा व्हिसा, बायोमेट्रिक, चेहरा ३२ ते ३६ मिलिमीटर' असं सांगा, जमलं तर कागदावर लिहून द्या. जर्मन सरकारचा 'फोटोमुस्टरटाफेल' नावाचा नमुना-तक्ता आहे. बरोबर आणि चूक फोटो शेजारी शेजारी दाखवलेले आहेत, त्यामुळे जर्मन येत नसलं तरी समजतो. तो मोबाइलवर घेऊन जा आणि फोटोग्राफरला दाखवा.

दुसरं, चेहरा 'साफ' करू देऊ नका. आपल्याकडे न विचारता रंग उजळतात, डाग काढतात, तीळ पुसतात, डोळ्यांखालची काळी वर्तुळं घालवतात आणि मागचा पडदा कॉम्प्युटरवर बदलतात. फोटोग्राफर हे प्रेमानेच करतो, पण हा फोटो लग्नाच्या बायोडेटाचा नाही. यंत्र डोळे, नाक, तोंड आणि चेहऱ्याची कड यांची तुलना पुढे तुमच्या प्रत्यक्ष चेहऱ्याशी करणार असतं. पार्श्वभूमी बदलताना कानाजवळचे केस खरवडल्यासारखे कापले जातात, तेही लगेच ओळखू येतं. समोर बसून सांगा: रिटच नको, आहे तसा द्या. मोबाइलवर काढणार असाल तर ब्यूटी मोड बंद आहे का ते आधी बघा, कारण कित्येक फोनांत तो आपोआप चालू असतो. आणि सेल्फी नको. हाताच्या अंतरावरून काढलेल्या फोटोत नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात. दुसऱ्या माणसाने दीड मीटरवरून, डोळ्यांच्या उंचीवर कॅमेरा धरून काढायचा. घरी छापून घेताना 'फिट टू पेज' बंद ठेवा, नाहीतर नीट बसवलेलं माप प्रिंटरच बिघडवतो.

पार्श्वभूमी एकरंगी, फिकट, शक्यतो फिकी राखाडी. मागे सावली नको. पांढरा शर्ट घालू नका, खांदे पार्श्वभूमीत विरतात. गडद रंगाचं काहीतरी घाला. तोंड मिटलेलं, चेहरा निर्विकार, नजर सरळ कॅमेऱ्यात, मान तिरकी नको. केस डोळ्यांवर नकोत. चष्मा चालतो, पण काचेवर चमक नको आणि फ्रेमची कड डोळ्यांवर यायला नको. माझा सल्ला, काढूनच ठेवा. डोक्यावर काही नको, धार्मिक कारणाने असेल तर सूट मिळते, मात्र हनुवटीपासून कपाळापर्यंत चेहरा उघडा हवा. चमकी असलेली टिकली आणि मोठी खड्याची नथ त्या दिवसापुरती बाजूला ठेवा, फ्लॅश त्यावरून परत येतो. चेहरा तेलकट होत असेल तर आत जाण्याआधी कोरड्या रुमालाने कपाळ आणि नाक टिपून घ्या.

फोटो सहा महिन्यांच्या आतला हवा. आणि मागच्या शेंगेन व्हिसासाठी वापरलेलाच फोटो पुन्हा लावू नका. तो तुमच्या पासपोर्टात चिकटलेला असतो, शेजारी तारीखही छापलेली असते. फोटो जुना आहे हे सांगायला दुसरा पुरावा लागत नाही. किती प्रती द्यायच्या ते तुमच्या व्हिसाप्रकाराच्या यादीत असतं, त्याहून दोन जास्त ठेवा. स्टेपल मारू नका.

इथवर नीट केलंत तर व्हिसाचं काम फोटोवरून अडत नाही. आता इथे आल्यावर.

पत्त्याची नोंदणी दोन आठवड्यांत करायची, हे सगळेच सांगतात. त्यानंतर निवास परवान्याची टेरमिन. तुम्हाला मिळणारं कार्ड बँकेच्या कार्डाएवढं असतं, आत चिप असते, चिपमध्ये तुमचा फोटो आणि दोन बोटांचे ठसे. कार्ड कचेरीत छापत नाहीत, ते बर्लिनच्या बुंडेसड्रुकरायमधून म्हणजे सरकारी छापखान्यातून छापून येतं, त्यामुळे त्याला काही आठवडे लागतात. फोटोत खोट निघाली तर छपाईची मागणीच जात नाही. तुमचे बाकीचे कागद चोख असले तरी ते तिथेच थांबतात.

डिजिटल फोटोचे दोन रस्ते आहेत. एक, कचेरीतलंच यंत्र. त्याच्यासमोर उभं राहायचं, ते फोटो काढतं, त्याचे ६ युरो भरायचे, फोटो थेट तुमच्या फाइलमध्ये जातो. दुसरा, मान्यताप्राप्त फोटोग्राफर. तो फोटो काढून सुरक्षित क्लाउडवर चढवतो आणि तुम्हाला एक कागद देतो, ज्यावर क्यूआर कोडसारखा दिसणारा ठिपक्यांचा चौकोन असतो. कचेरीत तो स्कॅन केला की तुमचा फोटो उघडतो. डीएमसारख्या ड्रोगरीच्या, म्हणजे साबण-शाम्पू वगैरे मिळणाऱ्या, काही दुकानांतही ही सोय आहे. एवढा खटाटोप का, असं नवीन मुलं विचारतात. दोन माणसांचे चेहरे कॉम्प्युटरवर मिसळून एक फोटो बनवायचा आणि एकाच पासपोर्टावर दोघांनी फिरायचं, असे प्रकार होऊ लागले, म्हणून फोटो अर्जदाराच्या हातातून जाऊ द्यायचाच नाही असं त्यांनी ठरवलं. मला हे पटतं. माझ्या नावावर दुसरं कुणी फिरू नये अशी व्यवस्था सरकार करत असेल तर त्यासाठी फोटोग्राफरकडे एक फेरी मारायला माझी तयारी आहे.

टेरमिनच्या पत्रात यंत्राबद्दल काय लिहिलंय ते शब्द न् शब्द वाचा. तिथे यंत्र असल्याचं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर आदल्या आठवड्यात फोटोग्राफरकडे जाऊन कोड घेऊन ठेवा. यंत्र आहे असं लिहिलेलं असलं तरी मी कोड नेते. ते बंद पडलेलं मी पाहिलं आहे आणि त्या दिवशी रांगेतल्या चेहऱ्यांवर काय होतं तेही पाहिलं आहे. कोडाच्या कागदाला घडी घालू नका, ठिपक्यांवरून घडी गेली तर स्कॅन होत नाही. आणि फोटोग्राफरकडे 'पासबिल्ड, बायोमेट्रिश, आउफएंटहाल्ट्सटिटेलसाठी, डिजिटल' असं सांगा, म्हणजे निवास परवान्यासाठी पासपोर्टसारखा बायोमेट्रिक डिजिटल फोटो. नुसतं 'अर्जासाठी फोटो' म्हणालात तर तो नोकरीच्या अर्जाचा फोटो समजतो: जरा तिरकं बसवतो, हसायला सांगतो, दुप्पट पैसे घेतो. मागच्या वर्षी एका मुलाचं असंच झालं. तो हसरा फोटो घेऊन खुशीत कचेरीत गेला होता.

तिथे गेल्यावर 'एवढं चालवून घ्या ना' म्हणू नका. आपली काही जुनी मंडळी सांगतात की गोड बोललं की होतं. नाही होत. समोरचा माणूस खडूस नसतो, त्याच्या हातात ती मुभाच नसते, आणि विनवण्या केल्या की तो उलट बिचकतो. त्याऐवजी शांतपणे विचारा की नेमकं काय बदलून हवं आहे आणि त्यासाठी पुन्हा टेरमिन लागेल की नुसता कोड आणून दिला तर चालेल. एवढं विचारलं तर हीच माणसं नीट, मुद्देसूद उत्तर देतात, बरेचदा कागदावर लिहूनही देतात. मी २०१३ मध्ये हे विचारलं असतं तर सात आठवडे कदाचित गेले नसते.

आणि एक कागद लक्षात ठेवा, मला त्याचं नावही माहीत नव्हतं: फिक्शन्सबेशायनिगुंग. व्हिसाची मुदत संपण्याआधी तुम्ही अर्ज केलेला असेल आणि कार्ड हातात यायचं असेल, तर मधल्या काळासाठी हा दाखला मागा. मागितल्याशिवाय मिळेल असं धरून चालू नका. हातात आला की त्यावर कुठल्या चौकटीत खूण आहे ते तिथेच बघा. निवास कायद्याच्या परिच्छेद ८१ च्या चौथ्या उपपरिच्छेदापुढे (§ 81 Abs. 4) असेल तर भारतात जाऊन परत येता येतं. तिसऱ्यापुढे असेल तर देशाबाहेर जाऊ नका. तिकीट त्यानंतरच काढा.

लहान मुलं बरोबर असतील तर त्यांचंही वेगळं कार्ड होतं, तान्ह्या बाळाचंसुद्धा. ठसे सहा वर्षांपासून पुढे घेतात, फोटो मात्र सगळ्यांचा. मुलांसाठी चेहऱ्याच्या मापात सवलत आहे, आणि बाळाची मान किंचित कलली, नजर जरा इकडेतिकडे गेली तरी चालतं. पण आधार देणारा हात किंवा खेळणं फोटोत दिसता कामा नये. बाळाला यंत्रासमोर उभं करायचा प्रयत्न करू नका, फोटोग्राफरकडेच जा, आणि जाताना त्याच्या झोपेची वेळ टाळून, पोट भरलेलं असताना जा. आमची मुलगी तेव्हा पाच महिन्यांची होती. फोटोग्राफरने तिला जमिनीवर फिक्या राखाडी चादरीवर झोपवलं, स्वतः स्टुलावर चढून वरून फोटो काढला, आणि सातव्या फोटोत तिने डोळे उघडे ठेवले.