दिवसभराची आयलंड बोट ट्रिप: या चुका टाळा (आम्ही सगळ्या करून झाल्यात)

आमच्या पहिल्या बोट ट्रिपमध्ये चार बेटं होती, त्यातलं मी एकच धड बघितलं. बाकीचा वेळ कठडा धरून पाण्याकडे तोंड करून उभी होते, आणि मासे बघायला नाही. गोळी बॅगेत होती, बॅग पायाशी होती, पण "बघू, मळमळलं तर घेऊ" म्हणत बसले आणि तिथेच घात झाला. त्यानंतर अशा पाच-सहा ट्रिपा झाल्या, कधी आम्ही दोघंच, कधी मुलगा, नणंद, मावसभाऊ असं अख्खं लटांबर, आणि आता कळलंय की या दिवसातल्या जवळजवळ सगळ्या चुका एकाच जातीच्या असतात. काय करायचं ते आपल्याला माहीत असतं, फक्त आपण ते अर्धा तास उशिरा करतो.

ट्रिप शेवटच्या दिवसावर ढकलणं

"आधी आराम करू, बोटीचं शेवटी बघू" हा प्लॅन ऐकायला छान वाटतो. पण समुद्र खवळला की ट्रिप रद्द होते, आणि रद्द झालीच तर बुकिंगवाला आधी विचारतो, उद्या चालेल का? उद्या तुमचं फ्लाइट असेल तर विषयच संपला. म्हणून पहिल्या दोन-तीन दिवसांतच उरकून टाका, हाताशी एखादा मोकळा दिवस राहू दे. आणि ट्रिपमध्ये हौसेने स्कूबा डायव्हिंग करणार असाल तर हे अजूनच महत्त्वाचं, कारण डाइव्हनंतर लगेच विमानात बसायचं नसतं, एका डाइव्हनंतर किमान १२ तास आणि जास्त डाइव्ह केल्या तर किमान १८ तास थांबायला सांगतात. तोंडात नळी धरून वरवर पोहत स्नॉर्कलिंग केलं तर ती अडचण नाही.

बुकिंग करताना तिथीपण बघा, हसू नका. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, भरती-ओहोटीतला फरक मोठा असतो, त्यामुळे पाण्याला ओढ जास्त आणि ओहोटीला काही ठिकाणी बोट किनाऱ्यापर्यंत जातच नाही, गुडघाभर पाण्यातून सामान डोक्यावर घेऊन चालावं लागतं. आणि शक्य असेल तर लवकर निघणारी बोट घ्या. दिवस चढला की जमीन तापते, समुद्रावरून वारा सुटतो, म्हणून सकाळी आरशासारखं दिसणारं पाणी दुपारी परत येताना ढवळून निघालेलं असतं. सकाळी "काय शांत आहे ना समुद्र" म्हणणारे लोक संध्याकाळी गप्प असतात.

बोट लागते, पण गोळी खिशातच राहते

गाडी लागते तशीच बोट लागते, कारण तेच. कानाच्या आतलं तोल सांभाळणारं यंत्र सांगतं की आपण हलतोय आणि डोळे समोरची सीट बघून सांगतात की सगळं स्थिर आहे, या भांडणात पोट मरतं. गोळीचं काम हे भांडण सुरू व्हायच्या आधीचं आहे. डायमेनहायड्रिनेट किंवा मेक्लिझिन असेल तर अर्धा ते एक तास आधी, सिनारिझिन असेल तर दोन तास आधी, कानामागे लावायची स्कोपोलामिनची पट्टी असेल तर किमान चार तास आधी. एकदा उलट्या सुरू झाल्या की गोळी पोटात टिकतच नाही, मग ती घेऊन काय उपयोग. यातल्या बहुतेक गोळ्यांनी झोप येते, त्यावर बियर घेतली तर विचारूच नका, म्हणून घरी एखाद्या रिकाम्या दिवशी घेऊन बघा आपल्याला किती गुंगी येते ते. लहान मुलं, गरोदर बायका, काचबिंदूवाले यांनी डॉक्टरांना विचारूनच.

दुसरी चूक म्हणजे रिकाम्या पोटी जायचं, "म्हणजे उलटी होणारच नाही" हा गैरसमज. होते, आणि रिकाम्या पोटी जास्त त्रास देते. हलकं, कोरडं, कमी तेलाचं काहीतरी खाऊनच निघा.

आणि जागा! सगळे पळत जाऊन पुढच्या टोकाला बसतात कारण फोटो छान येतात. पण सगळ्यात जास्त आपटते ती तीच जागा, स्पीडबोटीत तर पुढे बसून कंबरेची वाट लागते, पाठीचं दुखणं असणाऱ्यांनी मागेच बसायचं आणि गरोदर बाईने स्पीडबोटीच्या भानगडीत पडूच नये. सगळ्यात कमी हलते ती मधली, खालची जागा. मात्र अगदी मागे इंजिनाच्या धुराजवळ बसलात तर त्या डिझेलच्या वासानेच निम्मं काम होतं. मोबाइल खाली ठेवा, नजर लांब क्षितिजावर. आणि वेळ आलीच तर वारा ज्या बाजूला वाहून जातोय त्या कठड्याला जा, वाऱ्याकडे तोंड करून उभे राहिलात तर मागे बसलेली माणसं तुम्हाला आयुष्यभर लक्षात ठेवतील.

सनस्क्रीन बोटीत बसल्यावर बॅगेतून बाहेर काढणं

माझ्या मावसभावाने खांद्याला, चेहऱ्याला व्यवस्थित सनस्क्रीन लावलं होतं, आणि मग दीड तास पालथा तरंगत मासे बघत होता. रात्री हॉटेलवर बघतो तर पोटऱ्या आणि गुडघ्याची मागची बाजू लालबुंद, आणि पाठीवर लाइफ जॅकेटचा पांढरा ठसा, बकलाच्या जागेवर तर छोटा चौकोनसुद्धा स्पष्ट दिसत होता. तीन दिवस तो खुर्चीच्या काठावर बसायचा. स्नॉर्कलिंगमध्ये ऊन मागून लागतं हे कुणाच्या डोक्यातच येत नाही, आणि पाण्यात गार वाटतं म्हणून भाजतंय हे कळतही नाही. अर्धा मीटर खोल पाण्यातसुद्धा वरच्या तुलनेत ४० टक्के यूव्ही पोचतं. ढग आले म्हणून निवांत होऊ नका, पातळ ढगातून बरंचसं खाली येतंच.

तर, हॉटेलवरूनच लावून निघायचं, निदान १५-२० मिनिटं आधी, कपडे चढवायच्या आत. दर दोन तासांनी परत, आणि पाण्यातून बाहेर आलं की टॉवेलने पुसून परत. मोठ्या माणसाला एका वेळेला साधारण ३० ते ३५ मिली लागतं, म्हणजे ५० मिलीची ती गोंडस ट्यूब चौघांत दिवसभर पुरवणारे लोक नक्की काय लावतात देव जाणे. एसपीएफ ३० साधारण ९७ टक्के किरणं अडवतं आणि ५० साधारण ९८ टक्के, त्यामुळे आकड्यापेक्षा किती आणि किती वेळा लावता याला जास्त महत्त्व. कान, ओठ, भांग, पायाची वरची बाजू या जागा हमखास राहतात. खरं सांगायचं तर सगळ्यात सोपा उपाय म्हणजे पूर्ण बाह्यांचा स्विमिंगचा टीशर्ट आणि लांब टाइट्स, जेवढं झाकलं तेवढं चोपडायला नको. प्रवाळाला त्रास होतो म्हणून काही ठिकाणी ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट ही रसायनं असलेली सनस्क्रीन विकायलाच बंदी आहे, हवाईमध्ये १ जानेवारी २०२१ पासून आहे, तेव्हा घ्यायच्या आधी ट्यूबच्या मागचं वाचा.

मास्क पाण्यात उतरल्यावर ट्राय करणं

बोटीवर एक मोठी पेटी असते, त्यात सगळे मास्क, नळ्या, फिन्स (पायात घालायचे रबरी पंख) कोंबलेले असतात, आणि पहिला थांबा आला की त्या पेटीवर लग्नातल्या पंगतीसारखी झुंबड उडते. तुम्ही मात्र बोट सुटल्यावर लगेच, सगळे सेल्फी काढत असताना, शांतपणे आपला मास्क निवडून ठेवा.

टेस्ट सोपी आहे. पट्टा डोक्यामागे न घेता मास्क नुसता चेहऱ्यावर ठेवा, मधले केस बाजूला करा, नाकाने हलका श्वास आत ओढा आणि हात सोडा. मास्क चिकटून राहिला तर तो तुमचा, पडला तर दुसरा बघा. मास्कमध्ये पाणी येतंय म्हणून लोक पट्टा अजून आवळतात, त्याने रबर वाकतं आणि पाणी उलट जास्त येतं. बहुतेक वेळा कडेखाली केसांची बट अडकलेली असते, किंवा पुरुषांची मिशी. माझ्या नवऱ्याने मिशी काढायला साफ नकार दिला, त्यामुळे तो दर पाच मिनिटांनी मास्क रिकामा करत बसतो, त्याची निवड.

काच धूसर होते ती आतल्या वाफेने. आतून थुंकी चोळायची आणि पाण्यात एकदाच हलकं बुचकळायचं, किळस वाटत असेल तर बेबी शाम्पूचा एक थेंब. स्वतःचा नवा मास्क नेत असाल तर त्याच्या काचेवर कारखान्यातला पातळ थर असतो, घरी साध्या पांढऱ्या टूथपेस्टने दोन-तीनदा घासून घ्या नाहीतर थुंकून थुंकून दमाल. आणि मधेमधे मास्क कपाळावर चढवू नका, गळ्यात ओढा, कपाळावरून एका लाटेत जातो आणि मग भरपाई तुम्हीच देता.

नळीतून श्वास घेताना हळू आणि खोल. घाबरून भराभर छोटे श्वास घेतले की नळीतली तीच वापरलेली हवा परत परत आत येते, दम लागल्यासारखं वाटतं, मग अजून घाबरायला होतं. असं झालं तर काही करू नका, पाठीवर उलटे व्हा, नळी काढा, तरंगा. आणि खाली बुडी मारायच्या आधी जोरजोरात श्वास घेऊन "हवा साठवणं" हे तर अजिबात नको. त्याने ऑक्सिजन विशेष वाढत नाही, कार्बन डायऑक्साइड मात्र कमी होतो, श्वासाची निकड जाणवतच नाही आणि माणूस पाण्याखाली कुठलीही सूचना न मिळता बेशुद्ध पडतो. चांगले पोहणारेच यात जास्त अडकतात.

कॉन्टॅक्ट लेन्स घालून पाण्यात उतरू नका, डोळ्याचं इन्फेक्शन वाईट असतं. नंबरचे मास्क मिळतात, आधी विचारून ठेवा.

सगळ्यांनी उडी मारली म्हणून उडी मारणं

दहा सेकंद पाण्याकडे बघा. बोटीजवळचा फेस, पालापाचोळा कुठे वाहतोय? ओढ असेल तर सुरुवात ओढीच्या विरुद्ध करा, म्हणजे दमल्यावर परत येताना पाणीच तुम्हाला बोटीकडे आणतं. लोक उलटं करतात, छान वाहत वाहत लांब जातात, "अरे आज काय मस्त पोहतोय मी" असं वाटतं आणि मग मान वर केली की बोट आगपेटीएवढी दिसते. दर दोन-तीन मिनिटांनी डोकं वर. लांब गेलातच तर पाण्याशी मारामारी करू नका, तरंगत राहा आणि एक हात वर करून हलवा, ती मदतीची खूण आहे, बोटीवाले येतात. म्हणूनच नुसतं "हाय" करायला हात हलवू नका.

लाइफ जॅकेट घालायला लाजू नका, विहिरीत नाहीतर स्विमिंग पूलमध्ये पोहता येणं वेगळं. मुलांच्या जॅकेटला पायांमधून जाणारा पट्टा हवाच, नाहीतर जॅकेट कानापर्यंत वर सरकतं आणि पोर खालून निसटतं. फुगवायच्या दंडपट्ट्या आणि रबरी बदकं ही खेळणी आहेत.

इंजिन चालू असताना बोटीच्या मागच्या बाजूला फिरकायचं नाही. शिडी मोकळी होईपर्यंत लांब थांबा, चढणाऱ्याच्या बरोबर खाली लटकू नका, तो घसरला की तुमच्या डोक्यावर. फिन्स पाण्यातच काढून वर द्यायचे आणि मग चढायचं.

आणि मोजणी. निघायच्या आधी माणसं मोजतायत का बघा, नसतील तर तुम्ही तोंड उघडा. १९९८ च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियातल्या ग्रेट बॅरिअर रीफवर डाइव्ह बोटीने मोजणी चुकवली आणि एक जोडपं समुद्रातच राहिलं, दोन दिवसांनी बोटीवर त्यांच्या बॅगा दिसल्या तेव्हा कुणाच्या तरी लक्षात आलं. ते कधीच सापडले नाहीत. आमच्या एका ट्रिपमध्ये नणंद शौचालयात होती आणि मोजणीत एक कमी आला, पाच मिनिटं सगळे पाण्यात डोळे फाडून बघत होते. तिच्यावर चिडले तेव्हा, आता वाटतं निदान मोजलं तरी. ओळखीच्यांच्या दुसऱ्या बोटीने परत जायची लहर आली तर आपल्या बोटीवर सांगून जा.

काही झालं तर

जेलीफिश चावला तर गोडं पाणी ओतू नका, चोळू नका, आणि तो लघवीचा उपाय तर विसराच. समुद्राच्याच पाण्याने धुवा, धागे चिमट्याने काढा, मग सोसेल इतक्या गरम पाण्यात ठेवा. व्हिनेगर काही जातींना चालतं काहींना नाही, बोटीवाल्यांना तिथे कुठल्या जाती असतात ते ठाऊक असतं, त्यांना विचारा. श्वासाला त्रास होत असेल तर थेट दवाखाना. समुद्रसाळूचा (सी अर्चिन, अंगभर काटे असलेला समुद्री प्राणी) काटा भरला तरी गरम पाणीच, पण रबरी बूट घातले असते तर ही वेळ बहुधा आली नसती. प्रवाळाने खरचटलं तर "एवढंसं तर आहे" म्हणून सोडू नका, साबणाने आणि स्वच्छ पाण्याने घासून धुवा, ते चिघळतं. पायात गोळा आला तर पाठीवर व्हा आणि पायाचा पंजा आपल्याकडे ओढा. नाक चोंदलं असेल त्या दिवशी खाली बुडी नाही, कान दुखायला लागला तर वर या.

फोनची पिशवी आदल्या रात्रीच तपासा, आत फक्त टिश्यूपेपर घालून बादलीत दाबून ठेवायची, सकाळी टिश्यू कोरडा तर फोन घाला. "माझा फोन वॉटरप्रूफ आहे" म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्या, ती टेस्ट गोड्या पाण्यातली असते. खारं पाणी गेलंच तर साध्या पाण्याने हलकं धुवा आणि पूर्ण वाळेपर्यंत चार्जर लावू नका, माझा त्यानेच गेला.

परतीच्या प्रवासाला काहीच न ठेवणं

पाणी शरीराची उष्णता हवेच्या साधारण २५ पट वेगाने ओढतं, त्यामुळे कोमट वाटणाऱ्या समुद्रातसुद्धा तासाभराने ओठ निळे पडतात, मुलांचे आधी. तिसऱ्या थांब्याला मुलगा कुडकुडत "अजून एकदा" म्हणाला तर त्याला बाहेर काढा, रडू दे. वर आपण समजतो दिवसभर पाण्यात आहोत म्हणजे तहान कसली, आणि संध्याकाळी डोकं धरून बसतो. तहान लागायची वाट न बघता घोट घोट पीत राहा.

आणि परत येताना वारा असतो, लाटांचे शिंतोडे असतात, अंगावर ओला स्विमसूट असतो. एक कोरडा जोड, एक जाडसर जॅकेट आणि टॉवेल प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून बॅगेत अगदी तळाशी ठेवायचा, आणि शेवटच्या थांब्यापर्यंत कुणालाही ती गाठ सोडू द्यायची नाही. आमच्याकडे त्या पिशवीला आता हात लावायची परवानगी फक्त मला आहे.