पॉइंट टू-टू रायफलचा स्कोप झिरो धरत नव्हता, तेव्हा

स्कोप झिरो करून ठेवावा, म्हणजे नेम आणि गोळी एका जागी जुळवून, आणि थोड्या गोळ्यांनंतर नेम पुन्हा सरकलेला. दोष काचेत नव्हता, पकडीत होता. रायफलला ११ मिमीची डव्हटेल (तिरक्या कडांची) खाच, स्कोप धरणाऱ्या रिंगा मात्र पिकॅटिनी रेलच्या, म्हणजे आडव्या खाचांच्या रुंद पट्टीसाठीच्या, आणि दोघांची मोट बांधणारा अ‍ॅडॉप्टर रिकॉइल (गोळी सुटतानाचा मागचा धक्का) नावालाच असूनही कणाकणाने घसरत होता. तो काढला, थेट ११ मिमीच्या रिंगा आणल्या, खाचेतलं तेल पुसून बसवल्या.

स्कोपही बदलला. मोठ्या कॅलिबरच्या स्कोपचा पॅरालॅक्स बहुधा १०० यार्डांवर जुळवलेला असतो, रिमफायरचा, म्हणजे पॉइंट टू-टूसारख्या छोट्या काडतुसांसाठीचा, ५० वर. जवळच्या लक्ष्यावर डोकं जरा हललं की क्रॉसहेअर (नेमाची फुली) सरकल्यासारखा दिसतो, तोच पॅरालॅक्स. चारपट मोठं दाखवणारा साधा स्कोप मला पुरतो. जास्तीची पट म्हणजे मिरवायची हौस.

बसवताना रायफल रिकामी, बोल्ट बाहेर. डोळे मिटून गाल स्टॉकवर टेकवायचा. उघडल्यावर पूर्ण वर्तुळ दिसेपर्यंत स्कोप मागेपुढे करायचा. उभी रेघ ओळंब्याशी जुळवायची, स्क्रू आलटूनपालटून आवळायचे. मग नळीतून लक्ष्य पाहून क्रॉसहेअर त्यावर आणायचा आणि २५ यार्डांपासून सुरुवात. स्कोपच्या घुंडीची पाव एमओएची (एमओए म्हणजे एका अंशाचा साठावा भाग) एक क्लिक ५० यार्डांवर नेम साधारण ३ मिमी सरकवते.

आता झिरो जागचा हलत नाही.